नॅक्सोसचे पॉइंट

लोणावळ्यात डोंगर, दरी, धबधबा असं काही नसतं. पॉइंट असतात. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, राजमाची पॉइंट. हे पॉइंट दाखवणाऱ्या जीपवाल्यांचा स्टँड बरोब्बर माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर आहे. गेली सव्वीस वर्षं ही मंडळी माझा पंखा, माझं पिण्याचं पाणी आणि अलीकडे माझा वायफाय हक्कानं वापरतात. त्या बदल्यात दिवाळीला मला सोनपापडीचा एक डबा मिळतो. तक्रार नाही, नुसतं सांगितलं.

त्यातला अंबाजी तिकोणा पेठेचा. रोज सकाळी पवनानगरवरून जीप घेऊन येतो आणि अंधार पडायच्या आत परत जातो. तीस वर्षं पॉइंट दाखवून त्याच्या अंगात एक शिस्त मुरली आहे. प्रत्येक पॉइंटला पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक कठड्याशी उभं राहून फोटो काढतं, आणि अंबाजी दरीकडे पाठ करून बॉनेटला टेकून तंबाखू मळत उभा राहतो. मी एकदा त्याला विचारलं, की तुला कधी वळून बघावंसं वाटत नाही का? तर म्हणाला, "काय बगायचं त्यात? काल व्हती तितंच हाय."

त्याची मुलगी अपेक्षा लहानपणी सुट्टीच्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून यायची. बापाचं सगळं बोलणं तिला पाठ. "ताई, चपला सांभाळा, हितं घसरतं," असं ती आठ वर्षांची असताना मुंबईच्या बायकांना दटावायची आणि त्या तिला चॉकलेटं द्यायच्या. पुढे ती हॉटेल मॅनेजमेंट शिकली, दोन वर्षं इथल्याच एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर उभी राहिली. मग एका एजंटकडून तिला ग्रीसमधल्या नॅक्सोस नावाच्या बेटावरच्या हॉटेलात सहा-सात महिन्यांची नोकरी चालून आली.

भावकीतल्या सगळ्यांनी नको म्हटलं. लग्नाची पोरगी, एकटी, परमुलखात. अंबाजी एकटा तिच्या बाजूनं उभा राहिला. "म्या जलमभर दुसऱ्याच्या पोरींना पॉइंट दावलं," तो म्हणाला, "माजी एक पोरगी काय बगाय चालली तर तुमच्या का पोटात दुकतं?" असं बोलून त्यानं चुलतभावाशी दोन महिने अबोला धरला.

तिचे सगळे फॉर्म मीच भरले. हुद्दा होता 'गेस्ट सर्व्हिस असोसिएट'. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की व्यवस्थापन सांगेल ती इतर कामंही करावी लागतील. अशी ओळ प्रत्येक कागदावर असते. मी ती वाचली आणि पुढे गेलो, कोणाला मोठ्यानं वाचून दाखवली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला ते कबूल करावं लागणार आहे.

तिला व्हिसा मिळाला तेव्हा अंबाजी फ्लेक्स करून घ्यायला आला. आमच्या मावळात पोरगं दहावी पास झालं तरी वेशीवर फ्लेक्स लागतो, मग ही तर समुद्र ओलांडून चालली होती. मी हुद्दा टाइप केला. त्यानं विचारलं, "ह्याचा अर्थ काय?"

"पाहुण्यांची सेवा."

"सेवा नगं. लोकं म्हंतील, मोलकरीण म्हून चालली. जरा वजनदार टाका."

मी क्षणभर विचार केला आणि 'मॅनेजर' टाकलं. दहा फूट बाय आठ फूट. 'ग्रीस देशातील नॅक्सोस बेटावर मॅनेजर पदी निवड झाल्याबद्दल कु. अपेक्षा हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' मधे अपेक्षाचा ब्लेझरमधला फोटो. फ्लेक्स तिकोणा पेठेच्या रस्त्याला लागला आणि किल्ला चढायला येणारे ट्रेकर त्याच्याखाली उभे राहून मिसळ खाऊ लागले. मला वाटलं, छान झालं.

एप्रिलमध्ये ती गेली.

जुलैपासून सोमवारचा कार्यक्रम सुरू झाला. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर सोमवारी स्टँडवर माश्या मारायचं काम असतं, आणि तिची सुट्टीही सोमवारीच. अंबाजी तिला फोनवर सारखं विचारायचा, "बेट म्हंजी केवडं? मावळाएवडं का त्येच्याहून बारीक?" शेवटी ती म्हणाली, "आबा, मी तुम्हाला पॉइंट पॉइंटनं दाखवते." आपल्याकडे दुपारचे चार वाजले की तिथे दीड वाजलेला असतो. माझ्या काउंटरवर पंचिंग मशीनला टेकवून फोन उभा करायचा, माझा वायफाय, आणि समोर अंबाजी, कोंडाजी, गेणू आणि आणखी दोघं-तिघं. माझं गिऱ्हाईक बाहेर पावसात उभं. मी ओरडायचो आणि नंतर मीही बघायला यायचो.

"पॉइंट नंबर एक," फोनमधून अपेक्षाचा आवाज आला. "पंधरा मिनिटं. वारा लई आहे, टोप्या सांभाळा."

जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर निळा समुद्र आणि त्याच्या काठावर संगमरवराची एक प्रचंड चौकट उभी. आजूबाजूला काही नाही. तिनं सांगितलं, की अडीच हजार वर्षांपूर्वी इथे देऊळ बांधायला घेतलं होतं, दरवाजा उभा राहिला आणि बांधकाम थांबलं.

"दरवाजा लावून काम थांबलं?" कोंडाजी म्हणाला. "म्हंजी बिल्डर पळाला."

"पार्किंग कुटं हाय?" अंबाजीनं विचारलं.

तिनं फोन फिरवून पार्किंगही दाखवलं. बापाला काय बघायचं असतं हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या सोमवारी ती बसनं बेटाच्या उत्तर टोकाला गेली. तिथे डोंगरात एक दगडी माणूस उताणा पडलेला, जीपच्या दुप्पट लांब. मूर्ती घडवता घडवता दगडाला तडा गेला म्हणून कारागिरांनी ती तशीच सोडून दिली म्हणे. तिसऱ्या सोमवारी डोंगरातलं एक गाव दाखवलं, त्याच्या गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या. "फरशीवरनं गाढवं चालत्यात बगा," गेणू हळहळला, "आन् आमच्या वाडीचा रस्ता अजून खडीचा." एकदा तिनं बटाट्याचं शेत दाखवलं. त्या बेटाचा बटाटा नावाजलेला आहे म्हणे. त्या दिवशी पंधरा मिनिटांचा नियम मोडला, कारण माती कसली, पाणी कुठलं, बेणं कुठून आणतात, हे अंबाजीनं खोदून खोदून विचारलं.

मला बघायला गंमत वाटायची ती अंबाजीची. टायगर पॉइंटला तीस वर्षं पाठ करून उभा राहिलेला हा माणूस पाच इंचांच्या पडद्यात नाक खुपसून बसायचा. कोणी मधे बोललं तर खेकसायचा. फोन बंद झाला की बाहेर जाऊन आल्या-गेल्याला सांगायचा, "माजी पोरगी तितं मॅनेजर हाय."

एक गोष्ट माझ्याही लक्षात यायला वेळ लागला. तिनं आम्हाला अख्खं बेट दाखवलं, पण स्वतःचं तोंड एकदाही दाखवलं नाही. सतत मागचा कॅमेरा. कधी तिची सावली दिसायची, कधी केसांचं टोक वाऱ्यानं पडद्यावर यायचं. मी मनात म्हटलं, आजकालची पोरं, त्यांना काय.

पाचव्या सोमवारी ती गावातल्या जुन्या गढीवर होती. ऊन इतकं लख्ख की पडद्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. कोंडाजी सहज बोलला, "पोरी, समदं बेट झालं, आता तुजं हाटेल दाव की. तू मॅनेजर म्हून बसतीस ती खुर्ची दाव."

अपेक्षा लगेच म्हणाली, "काका, तिकडे आज धुकं आहे. काही दिसायचं नाही."

दुकानातल्या सगळ्या जीपवाल्यांनी एकदम अंबाजीकडे पाहिलं.

आता ही काय भानगड, ते सांगतो. एखाद्या पॉइंटला जायचा जीपवाल्याला कंटाळा आला, रस्ता उखडलेला असला किंवा घरी लवकर जायचं असलं, की तो गिऱ्हाइकाला सांगतो, "तिकडं आज धुकं हाय, काय दिसायचं न्हाई." पावसाळ्यात ते बहुतेक खरं असतं, पण हे वाक्य बारा महिने चालतं. गिऱ्हाईक मान डोलावतं, गाडी वळते. अपेक्षानं हे वाक्य लहानपणापासून पुढच्या सीटवर बसून हजार वेळा ऐकलं होतं. घाईत तिच्या तोंडून तेच निघालं, आणि निघालं ते सहा जीपवाल्यांसमोर.

कोंडाजीनं सावरून घ्यायचा प्रयत्न केला. "असंल, असंल. दर्याकाठी येतंच धुकं." पडद्यावर ऊन रणरणत होतं.

"बरं," अंबाजी म्हणाला. "फुडच्या टायमाला दाव." आणि त्यानं फोन बंद केला. मग तो कोणाकडे न बघता बाहेर गेला आणि जीपमध्ये बसून राहिला.

मंगळवारी सकाळी मी शटर वर करतोय तोवर तो पायरीवर बसलेला. डोळे तांबारलेले. मी स्टूल दिलं. थोड्या वेळानं आपणच बोलायला लागला.

"बयाला समदं म्हाईत व्हतं, माधवराव. मे म्हैन्यापासनं. मी सकाळी गाडी काढली की माय-लेकी बोलत्यात."

बयाबाई म्हणजे त्याची बायको. तिनं सांगितलं ते असं. पोहोचल्यावर आठ दिवसांतच हॉटेलवाल्यांनी अपेक्षाला काउंटरवरून काढून तळघरातल्या धुलाईत टाकलं. काउंटरला ग्रीक बोलणारी माणसं हवीत, म्हणाले. दिवसाला चारशे चादरी. एजंट फोन उचलत नव्हता. पगार मात्र वेळेवर मिळत होता, माणसंही वाईट नव्हती. पण ती धुणं धूत होती, आणि गावाच्या रस्त्यावर ब्लेझर घालून मॅनेजर म्हणून उभी होती.

"म्या इचारलं, मला का न्हाई सांगितलं? मी बाप न्हाई का तिचा?" अंबाजी म्हणाला. "तर बया म्हनली, तुमी फ्लेक्स लावला व्हता."



"आन् आता ती म्हन्ती, हंगाम संपला की घरी यायची न्हाई. तिकडंच दुसऱ्या गावाला काय काम बगीन. का, तर हितं आली की लोकं इचारतील. बापाची मान खाली जाईल. माजी मान!" त्यानं स्वतःच्या मानेवर थाप मारली. "माज्या ह्या मानंपायी पोरगी घर सोडाय निगाली."

मग मी त्याला ती बारीक अक्षरांतली ओळ सांगितली. मी वाचली होती आणि बोललो नव्हतो, हे सांगितलं. 'मॅनेजर' हा शब्दही माझ्याच डोक्यातून आला होता. मला वाटलं, हा आता मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावले असते तर बरंच वाटलं असतं. तो म्हणाला, "तुमी वाचून दावलं असतं तरी म्या कुटं ऐकलं असतं? मला वजनदार पायजे व्हतं."

साडेअकराला तो उठला, दारात जाऊन त्यानं हाक मारली. "कोंडाजी, गेणू, या रं समदी. नंबर ऱ्हाऊ द्या, गिऱ्हाईक थांबंल."

सगळे आले. त्यानं फोन पंचिंग मशीनला टेकवला आणि लावला. तिथे नऊ वाजले होते, ती कामावर होती. फोन लगेच उचलला गेला. पडद्यावर अंधारं छत आणि पाठीमागे यंत्रांची घरघर.

"आबा? आज कसा फोन? आई बरी आहे ना?"

"आई बरी हाय. घाबरू नगं. हितं समदी बसल्यात, माधवराव बी हायती. तू नुसतं ऐक."

मग अंबाजीनं फोनकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. हात मागे बांधलेले, शाळेत गुरुजींपुढे उभं राहावं तसे.

"ऐका रं. माजी अपेक्षा मॅनेजर न्हाई. ती हाटेलाच्या चादरी धुती. रोजच्या चारशे. तिनं मला कदी मॅनेजर हाय म्हून सांगितलं न्हाई. म्या गावाला सांगितलं. खोटं म्या बोललो, ती न्हाई. आज जाऊन मी तो फ्लेक्स उतरिवनार हाय. ज्येला काय म्हनायचं ते मला म्हना, तिला न्हाई."

गेणू जमिनीकडे बघत होता. मग कोंडाजी, जो आयुष्यात कधी वेळेवर नीट बोललेला नाही, तो बोलला.

"मंग? चादरी काय आपल्या आपण धुत्यात व्हय? माजी बायकू दोन चादरी धुती तर दोन दिस कंबर धरून बसती. चारशे म्हंजी काय गंमत हाय का?"

कोणीतरी हसलं. आणि फोनमधलं छत हललं, चित्र गरगरलं, आणि पडद्यावर अपेक्षा आली.

चार महिन्यांनी आम्ही तिचं तोंड पाहत होतो. वाळली होती. केस एका टोपीत कोंबलेले, कपाळावर घाम, आणि रडत होती. रडता रडता हसतही होती, त्यामुळे तिला नाक पुसायचं सुचत नव्हतं. मागे छतापर्यंत पांढऱ्या चादरींचे गठ्ठे होते. तिच्या शेजारून एका दणकट, पिकल्या केसांच्या बाईनं पडद्यात डोकावून आम्हाला हात केला आणि आपल्या पदरानं पुसावं तसं स्वतःच्या एप्रनच्या टोकानं अपेक्षाचं तोंड पुसलं. अंबाजीनं त्या बाईला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"हात दाव," तो लेकीला म्हणाला.

"काही नाही झालं हातांना."

"दाव म्हन्तो ना."

तिनं दाखवले. बोटं सुजल्यासारखी, कातडी पांढरी पडून सालपटं निघालेली, एका मनगटावर इस्त्रीच्या यंत्राचा जुना डाग. अंबाजी वाकून बघत राहिला. एवढा वेळ, इतक्या जवळून, त्यानं त्या बेटावरचं काहीच पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी झेरॉक्स मशीनचा कागद नीट करत बसलो.

"घरी ये," तो म्हणाला. "ह्याच आटवड्यात ये. कुनाला काय सांगायचं न्हाई, कुनाला काय दावायचं न्हाई. आईच्या हातचं खा, चार दिस झोप. बाकीचं मी बगतो."

तिनं डोळे पुसले, टोपी सारखी केली.

"आबा," ती म्हणाली, "रात्री झोपताना मी रोज ठरवायचे की उद्या पळून जायचं. पण काम जड नव्हतं हो एवढं. तुम्हाला सोमवारी काय दाखवायचं, काय नाही, हे जड होतं. ते आज उतरलं. आता मी हंगाम पुरा करते. या मावशी मला भाषा शिकवतायत, शंभरपर्यंत आकडे येतात मला. दिवाळीला येते. घरीच येते, दुसरीकडे कुठे नाही. आणि भाषा आली तर पुढच्या वर्षी काउंटर मागणार आहे त्यांच्याकडे. चालेल ना तुम्हाला?"

अंबाजी म्हणाला, "चालंल की. न चालाय काय झालं."

"येऊ मग कामाला? मशीन थांबलंय."

"जा. जेवत जा येळेवर. हाताला रातचं खोबरेल लाव."

फोन बंद झाला. मंडळी हळूहळू बाहेर गेली. कोंडाजीनं जाताना अंबाजीच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या वाट्याचं गिऱ्हाईक आपल्या गाडीत बसवून नेलं, म्हणजे नेहमीसारखंच वागला. अंबाजी स्टुलावरच बसून राहिला. फोन अजून पंचिंग मशीनला टेकलेला होता आणि त्याचा पडदा काळा झाला होता, तरी हा तिकडेच बघत होता.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "अरे, येतेय की ती दिवाळीला," मी म्हटलं. "तुला हेच हवं होतं ना? घरी येतेय."

तो पाणी प्यायला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

"व्हय," तो म्हणाला. "पन मला वाटलं व्हतं, खरं बोललो की आजच निगंल."